उपवासाचा मासा

चातुर्मासात ज्या घरी कांदा-लसूण उंबरठ्याच्या आत येत नाही, त्या घरातील मनुष्याने माशावर लेख लिहावा आणि त्यास वरील मथळा द्यावा, हे पाहून आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस, विशेषतः माजघरातील वडीलधाऱ्या मंडळींस, नवल वाटेल हे मी जाणून आहे. परंतु हा मथळा थट्टेने दिलेला नाही. उत्तरेकडील थंड समुद्रांत राहणारा हॅलिबट नावाचा एक प्रचंड मासा आहे. त्याचे नावच मुळी उपवासाच्या दिवसावरून पडलेले आहे; आणि पुढे तो एका महासागरात टिकून राहिला, तोही एका अर्थी माणसाने पाळलेल्या उपवासामुळेच. ही हकीकत मोठी मनोरंजक आहे. शिवाय ह्या माशाचे माझ्यावर एक जुने ऋण आहे. ते प्रथम सांगून टाकतो, म्हणजे मूळ विषयास लागावयास मोकळा झालो.

इ. स. १९६९ सालची गोष्ट. मी त्या वेळी नऊ वर्षांचा होतो. त्या पावसाळ्यात मला हगवण लागली, ती दोन महिने हटली नाही. दुखण्यातून उठलो खरा, पण दिवाळीच्या सुमारास एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. दिवसा मला सर्व काही स्वच्छ दिसे; दिवेलागण झाली की मात्र मी ठेचाळू लागे. रात्रीच्या पंगतीत मला माझा पाट सापडत नसे, आणि एकदा तर निवडून ठेवलेल्या तांदळाच्या सुपात मी सरळ पाय दिला. प्रथम सर्वांनी हा खोडसाळपणा समजून मला बोल लावला. शेवटी वडील मला तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितले की, ह्यास रातांधळेपणा आला आहे. दुखण्यात अंगातले 'अ' जीवनसत्त्व संपून गेले आहे. दूध, तूप, पपई, शेवग्याचा पाला हे सर्व द्यावयास त्यांनी सांगितलेच. परंतु डोळ्यांच्या बाबतीत वाट पाहत बसणे बरे नव्हे, असे म्हणून त्यांनी एक लहानशी तपकिरी बाटली वडिलांच्या हाती ठेवली. आत पिवळ्या, पारदर्शक, मोत्याएवढ्या गोळ्या होत्या.

घरी आल्यावर वडिलांनी कंदिलापाशी बाटलीवरील इंग्रजी अक्षरे वाचली आणि ते गप्प झाले. काकांनी बाटली घेऊन पाहिली. तीवर लिहिले होते : हॅलिबट माशाच्या यकृताचे तेल. ओसरीवर बराच वेळ कोणी काही बोलेना. काका म्हणाले, "पाल्यानेच भागते का ते महिनाभर पाहू." आई दाराआड उभी होती, तिला बोलण्याचा अधिकार नव्हता, पण तिचे डोळे वाहत होते. तेव्हा आजी, जिचे सोवळे साऱ्या गावात प्रसिद्ध, ती आतून बाहेर आली आणि तिने वडिलांस एकच प्रश्न विचारला, "ह्याने पोराला दिसेल का?"

"डॉक्टर म्हणतात, दिसेल."

"मग ती बाटली इकडे दे. पोर आंधळे झाले तर तुमचे सोवळे पाहायचे कोणी?"

बाटली माजघरात आली नाही; तिची जागा पडवीतल्या कोनाड्यात ठरली. रोज सकाळी आजी स्वतःच्या हाताने एक गोळी माझ्या जिभेवर ठेवी, वर पाण्याचा घोट देई, आणि मग विहिरीवर जाऊन पुन्हा स्नान करी. मार्गशीर्षातली थंडी होती. पण तिने एक दिवस गोळी चुकविली नाही आणि एक दिवस स्नान चुकविले नाही. तीन आठवडे लोटले नसतील, एके संध्याकाळी तिची जपाची माळ तुटून मणी ओसरीभर पसरले. ते मी अंधुक उजेडात एकेक वेचून तिच्या ओंजळीत टाकले. तिने मोजून पाहिले, एकशेआठ भरले. ती काही बोलली नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून ती आत गेली.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मोकळा वेळ मिळाला, तेव्हा ज्या प्राण्यामुळे आपली दृष्टी राहिली त्याची चौकशी करावी, असे मनात आले. त्या चौकशीचे फळ वाचकांपुढे ठेवीत आहे.

नावाची कुळकथा

मध्ययुगीन इंग्रजी भाषेत 'हॅली' म्हणजे पवित्र आणि 'बट' म्हणजे चपटा मासा. ह्या दोहोंच्या संयोगाने 'हॅलिबट' हा शब्द झाला. जर्मन भाषेतील 'हाइलबुट' ह्या नावाची घडणही अशीच आहे. ख्रिस्ती धर्मात शुक्रवार आणि ईस्टरच्या सणापूर्वीचे चाळीस दिवस हे संयमाचे मानीत. त्या दिवसांत पशुपक्ष्यांचे मांस वर्ज्य असे, पण मासा चाले. तेव्हा आपल्याकडे उपवासाच्या दिवशी वऱ्याच्या तांदळास व रताळ्यास जो मान, तोच तिकडे माशास मिळाला. त्यातही एका माशात सारे गाव जेवेल असा हा हॅलिबट पवित्र दिवसाचा मासा ठरला. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही आपली म्हण त्या देशांसही लागू पडावी असे दिसते!

प्राणिशास्त्रज्ञांनी त्याच्या कुळास 'हिप्पोग्लॉसस' असे ग्रीक नाव दिले आहे. त्याचा अर्थ 'घोड्याची जीभ'. लांबट, चपट्या आकारावरून ही उपमा सुचली, आणि ती समर्पक आहे. ह्या कुळात दोन भाऊबंद आहेत : एक अटलांटिक महासागराच्या उत्तर भागातला, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडपासून अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यापर्यंत राहणारा; दुसरा पॅसिफिक महासागराच्या उत्तर भागातला, अलास्का व कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापासून पलीकडे रशिया-जपानपर्यंत पसरलेला. चपट्या माशांत ह्यांच्याएवढा मोठा दुसरा नाही. पॅसिफिकमधील मादी सव्वादोनशे किलोंच्या वर भरल्याची नोंद आहे, तर अटलांटिकमधील मासा तीनशे किलोंच्याही पुढे गेलेला आहे. एवढा आकार मादीचाच. नर त्या मानाने बराच लहान राहतो. आयुष्यही दीर्घ. माशाच्या कानात एक लहानसा खडा असतो आणि झाडाच्या बुंध्याप्रमाणे त्यात वर्षावर्षाची वलये उमटतात. ती मोजून पॅसिफिकमधील एका हॅलिबटाचे वय पंचावन्न वर्षे ठरले आहे. मादी अंडी घालण्याजोगी होण्यास सुमारे बारा वर्षे लागतात. वाचकांनी ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील सर्व कथेची किल्ली तीत आहे.

डोळ्याचा प्रवास

मनूच्या ओंजळीत आलेली इवलीशी मासोळी वाढता वाढता कमंडलूत मावेना, तळ्यात मावेना, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. हॅलिबटाचे चरित्र तिची आठवण करून देते. ऐन हिवाळ्यात, समुद्राच्या पृष्ठापासून दोनशे ते पाचशे मीटर खोल, काळोख्या व बर्फगार पाण्यात मादी अंडी घालते. एका मोठ्या मादीची अंडी काही लाखांपासून चाळीस लाखांपर्यंत असतात, आणि एकेक अंडे जेमतेम तीन मिलिमीटरचे. पंधरा-वीस दिवसांत त्यातून केसासारखे बारीक, काचेसारखे पारदर्शक पिल्लू बाहेर पडते. अलास्काच्या आखातातील पिल्ले हळूहळू वरच्या थरांत येतात आणि प्रवाहाबरोबर शेकडो मैल पश्चिमेकडे वाहत जातात. आश्चर्य असे की, पुढे मोठी होताना त्यांतील कित्येक त्याच प्रवाहाच्या उलट दिशेने, पूर्वेकडे व दक्षिणेकडे, परत सरकत येतात. ज्या समुद्राने वाहून नेले, त्यातून ती वर्षानुवर्षे पोहत माघारी येतात.

ह्या बाल्यावस्थेत हॅलिबट इतर कोणत्याही माशासारखाच दिसतो. तो उभा पोहतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंस एकेक डोळा असतो. मग साधारण इंचभर लांबीचा झाला की त्याच्या देहात विलक्षण क्रांती घडू लागते. डावा डोळा आपली जागा सोडून डोक्याच्या माथ्यावरून उजव्या बाजूकडे सरकू लागतो. त्याबरोबर कवटीची हाडे पिळवटतात. उजवे अंग काळपट-तपकिरी होते. डावे अंग पांढरेफटक राहते. हे सर्व घडवून आणणारा पदार्थ म्हणजे कंठातील थायरॉइड ग्रंथीचा रस. बेडूकमाशाचा बेडूक होतो तोही ह्याच रसाच्या आज्ञेने. जन्मापासून सुमारे सहा महिन्यांत दोन्ही डोळे उजव्या बाजूस आले की हा मासा उथळ पाण्यात तळाशी जाऊन डाव्या कुशीवर निजतो, तो जन्मभर तसाच. वरून पाहणाऱ्यास तो तळातील वाळूसारखा काळपट दिसतो. खालून पाहणाऱ्यास पांढरा, आकाशाच्या उजेडात मिसळून गेलेला.

डार्विनपुढील कोडे

ह्या सरकणाऱ्या डोळ्याने एके काळी मोठा शास्त्रीय वाद माजविला होता. प्राण्यांची रूपे थोडथोड्या फरकांनी, पिढ्यान् पिढ्या बदलत गेली, असा डार्विनचा सिद्धान्त. त्यावर सेंट जॉर्ज मायव्हर्ट ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ साली आक्षेप घेतला. त्याचे म्हणणे असे : डोळा पूर्ण पलीकडे गेला तर त्याचा उपयोग आहे हे कबूल, पण अर्ध्या वाटेवर आलेल्या डोळ्याचा उपयोग काय? तो डोळा तर अजून वाळूतच रुतलेला. मग अर्धी वाट चाललेले पूर्वज जगले कसे? डार्विनने १८७२ साली आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत ह्यास उत्तर दिले. चपट्या माशांची पिल्ले कुशीवर पडली असता खालचा डोळा वर वळविण्याचा सारखा प्रयत्न करतात, ह्या निरीक्षणाचा त्याने आधार घेतला. परंतु सवयीचा परिणाम संततीत उतरतो, ही त्यातील कल्पना पुढे शास्त्राने टाकून दिली. त्यामुळे कोडे शिल्लकच राहिले.

ते सुटले २००८ साली. मॅट फ्रीडमन ह्या संशोधकाने सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या माशांचे अश्मीभूत अवशेष बारकाईने तपासले. हे दगड युरोपातील संग्रहालयांत पूर्वीपासून पडून होते. त्यांत पूर्ण वाढलेले असे मासे सापडले की ज्यांचा एक डोळा माथ्याच्या दिशेने वर चढलेला आहे, पण पलीकडे गेलेला नाही. अर्ध्या वाटेवरचे पूर्वज ते हेच.

आणि ह्याचा थोडासा नमुना पाहण्यास आपल्या वाचकांस युरोपात जाण्याचे कारण नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर 'भाकस' नावाचा एक चपटा मासा मिळतो. इंग्रजीत त्यास 'भारतीय हॅलिबट' असेही म्हणतात, जरी हे नाते दूरचेच आहे. आज हयात असलेल्या चपट्या माशांत भाकसाचे घराणे सर्वांत जुन्या वळणाचे मानले जाते. त्याचा सरकलेला डोळा डोक्याच्या कडेपर्यंत येऊन तेथेच थांबतो. कोकणातल्या लेप्याच्या अंगावर दोन्ही डोळे पुरते एका बाजूस असतात. त्याच्या शेजारी भाकस ठेवून पाहिल्यास मायव्हर्टच्या प्रश्नाचे उत्तर कोळणीच्या टोपलीत मिळेल. आमच्यासारख्यांनी टोपलीपासून चार हात दूर उभे राहूनच ते पाहावे!

मात्स्यन्याय

कुशीवर निजलेला हा मासा आळशी असेल असे समजू नये. तो जातीचा शिकारी आहे. वाळूत अंग दडवून, दोनच डोळे बाहेर ठेवून तो दबा धरतो; आणि केवळ दबा धरूनच राहत नाही, तर तळ सोडून मधल्या पाण्यात झेप घेऊन कॉड, हेरिंग यांसारख्या माशांचा पाठलागही करतो. खेकडे, अष्टपाद, लहान हॅलिबट, काहीही त्यास चालते. लहान प्राण्यांच्या अंगचे जीवनसत्त्व असे मोठ्याच्या पोटात जमत जाऊन शेवटी त्याच्या यकृतात साठते. म्हणूनच कॉड माशाचे तेल जेथे चमचाभर लागे, तेथे हॅलिबटाच्या तेलाचे काही थेंब पुरत, आणि १९३० नंतरच्या काळात वैद्यकात त्यास मोठी किंमत आली.

मोठ्याने लहानास गिळावे ह्यास आपल्या राजनीतिशास्त्रात 'मात्स्यन्याय' असे नाव आहे. कौटिल्य म्हणतो की, दंडाचा धाक नसेल तेथे मात्स्यन्याय माजतो. ते वाक्य माणसांविषयी आहे. परंतु माणूस आणि मासा ह्यांच्यामध्ये जेव्हा दंड नसतो तेव्हा काय होते, ते आता पाहावयाचे आहे.

पॅसिफिक किनाऱ्यावरील ट्लिंगिट, हायडा इत्यादी मूळच्या जमाती शेकडो वर्षे हॅलिबट धरीत आल्या आहेत. त्यांचा गळ पाहण्यासारखा असतो. दोन जातींच्या लाकडांचे, एक हलके व एक जड, दोन तुकडे स्प्रूस झाडाच्या मुळ्यांनी कोनात बांधलेले. एका भुजेस हाडाचा काटा. दुसऱ्या भुजेवर एखाद्या प्राण्याची किंवा देवतेची कोरीव आकृती. गळाच्या दोन भुजांमधले अंतर असे बेतलेले असते की, फार लहान मासा त्यात अडकत नाही आणि फार मोठ्याचे तोंडही त्यात शिरत नाही. फार मोठा मासा म्हणजे लाखो अंडी देणारी मादी, हे वर सांगितलेच आहे. गळाच्या घडणीतच मर्यादा कोरलेली होती.

अटलांटिकच्या किनाऱ्यावर उलट घडले. न्यू इंग्लंड प्रांतातील कोळी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॉड धरीत. हॅलिबट गळास लागला तर त्यांस तो उपद्रव वाटे. पुढे बॉस्टन शहरात ह्या माशास मागणी आली, आणि सुमारे १८३० पासून ग्लॉस्टर बंदराची गलबते जॉर्जेस बँक नावाच्या उथळ समुद्रावर तुटून पडली. वीस वर्षांत तेथील हॅलिबट विरळ झाला. मग गलबते पुढच्या क्षेत्रावर गेली. ते आटले तेव्हा ग्रीनलंडकडे, आणि १८८४ मध्ये थेट आइसलंडपर्यंत. एक शेत ओसाड करावे व दुसरे गाठावे, असा हा क्रम होता. जो प्राणी बाराव्या वर्षी किंवा त्याच्या आसपास वयात येतो, तो असा मारा सोसू शकत नाही. त्या घटनेस आज दीडशेहून अधिक वर्षे झाली. कॅनडाच्या बाजूचा काही भाग अलीकडच्या दशकांत चांगला सावरला आहे, पण अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर पूर्वीचे वैभव परत आलेले नाही. एका फेरीत एका नावेने एकच हॅलिबट आणावा, असा कडक नियम तेथे करावा लागला.

एका माशाचा तह

अटलांटिक आटला, तोच आगगाडी पॅसिफिकच्या किनाऱ्याशी पोहोचली. १८८८ साली न्यू इंग्लंडहून गेलेल्या 'ऑस्कर अँड हॅटी' नावाच्या गलबताने टॅकोमा बंदरात हॅलिबट उतरविला; तो बर्फात घालून आगगाडीने पूर्वेकडील शहरांत रवाना झाला. तेव्हापासून पॅसिफिकमधील धंद्यास सुरुवात झाली आणि मागचाच खेळ पुढे सुरू झाला. गलबतांच्या जागी आगबोटी आल्या. लहान होड्यांत दोन-दोन माणसे बसवून, शेकडो गळ लावलेल्या लांबच लांब दोऱ्या तळाशी सोडीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेवढ्याच दोरीवर पूर्वीच्या मानाने फारच थोडा मासा येऊ लागला. ह्या वेळी मात्र काही शहाण्या माणसांस, आणि विशेष म्हणजे खुद्द कोळ्यांस, अटलांटिकची आठवण होती. मासा अमेरिका आणि कॅनडा ह्या दोन्ही देशांच्या पाण्यात फिरणारा. एकाने थांबावे आणि दुसऱ्याने ओरपावे, ह्यात अर्थ नव्हता. दोघांनी मिळूनच थांबावयास पाहिजे होते.

तेव्हा २ मार्च १९२३ रोजी वॉशिंग्टन येथे दोन देशांत तह झाला. त्यास 'हॅलिबट तह' असेच नाव पडले. ह्या तहाने इतिहासातही एक मजेदार स्थान मिळविले आहे. कॅनडा त्या वेळी ब्रिटिश साम्राज्यातील वसाहत होता, आणि परराष्ट्रांशी होणाऱ्या त्याच्या तहांवर ब्रिटिश राजदूताची सही पडण्याची वहिवाट होती. कॅनडाचे मुख्य प्रधान मॅकेंझी किंग ह्यांनी ह्या वेळी ती मोडली. मासा आमचा, तह आमचा, सहीही आमचीच, अशी त्यांची भूमिका होती. ब्रिटिश राजदूताची इच्छा असताही त्यास बाजूला ठेवून कॅनडातर्फे मंत्री अर्नेस्ट लापॉइंट ह्यांनी एकट्यांनी सही केली. कॅनडाने स्वतंत्रपणे केलेला हा पहिला तह. पुढे १९२६ च्या साम्राज्य परिषदेने व १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने वसाहतींचे जे समान स्थान मान्य केले, त्या वाटेवरील हा एक टप्पा होता. १९२८ मध्ये मोतीलाल नेहरू समितीने हिंदुस्थानासाठी कॅनडासारखेच वसाहतीचे स्वराज्य मागितले, हे शाळेत इतिहास शिकविताना मी अनेकदा सांगितले. पण त्या कॅनडाच्या स्वराज्याची एक पायरी एका माशाने चढविली होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

तहातील मुख्य कलम साधे होते : दरवर्षी १६ नोव्हेंबरपासून १५ फेब्रुवारीपर्यंत हॅलिबट धरू नये. हिवाळ्याचे हे तीन महिने म्हणजे त्याचा अंडी घालण्याचा हंगाम. दोन राष्ट्रांनी मिळून घेतलेले हे व्रत १९२४ पासून अमलात आले. त्यासोबत एक कायमचे आयोग-मंडळ स्थापन झाले. विल्यम थॉम्पसन ह्या शास्त्रज्ञाच्या हाती संशोधन सोपविण्यात आले. माशांस खुणेचे बिल्ले लावून पुन्हा समुद्रात सोडणे, पुन्हा सापडला म्हणजे तो कोठून कोठे गेला हे पाहणे, कानातील खड्यांची वलये मोजणे, असे काम पद्धतशीर सुरू झाले. त्यावरून दिसून आले की, केवळ तीन महिने थांबणे पुरेसे नाही. म्हणून १९३० मध्ये नवा तह झाला, आणि १९३२ पासून वर्षाकाठी एकंदर किती मासा धरावा ह्यावरही मर्यादा आली. मग दोरीवरचा मासा हळूहळू वाढू लागला. हे मंडळ सिएटल शहरातून आजही आपले काम करीत आहे.

व्रत घ्यावे आणि पाळावेही

येथे कथा संपविली असती तर ती फार गोड झाली असती. पण खरी झाली नसती. एकंदर मर्यादा ठरली, पण त्यात कोणाचा वाटा किती हे ठरलेले नव्हते. त्यामुळे मर्यादा पुरी होण्याच्या आत जो जितका ओढील तितका त्याचा. पंगतीत वाढप्याने भांडे मध्येच ठेवून दिले म्हणजे जे होईल तेच झाले. नावा वाढल्या, हंगाम आखडत गेला. अलास्कात १९९० च्या सुमारास अशी पाळी आली की, वर्षातून दोन-तीनच दिवस, आणि तेही चोवीस चोवीस तासांचे, मासेमारीस मोकळे असत. त्या दिवशी वादळ असले तरी नावा निघत. अतिभाराने नावा बुडत, माणसे जात, दोऱ्या समुद्रातच तुटून राहत आणि त्यांवर अडकलेले मासे फुकट मरत. व्रताचे शब्द पाळले जात होते; अर्थ निघून गेला होता.

अखेर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर १९९१ मध्ये आणि अलास्कात १९९५ मध्ये प्रत्येकाचा वाटा आधीच ठरवून देण्यात आला. ज्याचा त्यास वाटा मिळाल्यावर धावपळ कशाची? हंगाम दोन दिवसांचा होता, तो आठ महिन्यांचा झाला. वादळ दिसले तर कोळी घरी बसू शकतो. तथापि ह्या व्यवस्थेचीही एक किंमत पडली : वाटे विकत घेण्याची मुभा असल्याने लहान गावांतील कित्येकांचे वाटे धनिकांकडे गेले. शिवाय माशांची संख्या तेव्हापासून पुन्हा खाली आलेली आहे, आणि त्याच वयाचा मासा पूर्वीपेक्षा लहान भरतो, असेही दिसून आले आहे. मंडळ दरवर्षी बसते, मोजदाद करते, आणि तदनुसार हात आखडता घेते किंवा सैल सोडते. संयमाचे काम एकदा करून संपत नाही. आपली एकादशी पंधरा दिवसांनी पुन्हा येते, ते उगीच नव्हे.

आपल्या कोकणातील कोळ्यांस ही शिकवण नवी नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवावयाच्या, जाळी दुरुस्त करीत बसावयाचे, आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून मगच दर्यात जावयाचे, हा त्यांचा पिढीजात नेम. तो जितका खवळलेल्या समुद्राच्या भयाने पडला असेल, तितकाच त्याने माशांस वंशवृद्धीसाठी उसंत दिली. आता सरकारही पावसाळ्यात बंदी घालते. अलास्का आणि अलिबाग ह्यांत हजारो कोसांचे अंतर असले तरी ह्या एका गोष्टीत दोघांचे शहाणपण एकच आहे.

'उपवास' ह्या शब्दाची फोड आम्ही विद्यार्थ्यांकडून करून घेत असू : उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे, उपाशी राहणे हा अर्थ मागाहून आलेला. अटलांटिकच्या कोळ्यांनी हॅलिबट सोडला नाही, म्हणून हॅलिबटच त्यांस सोडून गेला. पॅसिफिकच्या कोळ्यांनी वर्षातून काही काळ त्यास सोडावयाचे ठरविले, म्हणून शंभराहून अधिक वर्षे झाली तरी तो त्यांच्याजवळ आहे.

आता 'अ' जीवनसत्त्वासाठी माशाचे यकृत शोधण्याची गरज राहिलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात विलायती तेल येईनासे झाले तेव्हा आपल्या किनाऱ्यावर मुशी माशाच्या यकृताचे तेल काढण्याचे कारखाने निघाले होते. पण १९४७ च्या सुमारास हे जीवनसत्त्व कृत्रिम रीतीने तयार करण्याची विद्या साधली, आणि माशांवरील तो एक भार हलका झाला. आज माझ्यासारख्या पोरास डॉक्टर जी गोळी देतील, तीत बहुधा मासा नसेल, आणि ती देणाऱ्या आजीस थंडीत दुसरे स्नानही करावे लागणार नाही.

माझी आजी जाऊन फार वर्षे झाली. तिची ती जपाची माळ, नव्या दोऱ्यात ओवलेली, आमच्या देवघरात आहे. ती तपकिरी बाटली मात्र गोळ्या संपताच तिने परसात नेऊन पुरली होती. मी तेव्हा विचारले, "आजी, पुरतेस का? टाकून का नाही देत?" ती म्हणाली, "अरे, उपकाराची वस्तू उकिरड्यावर टाकू नये."